पत्रकाखालचे नाव

अमेरिकेतील बाल्टिमोर गावी मेरी कॅथरीन गोडार्ड ही बाई छापखाना चालवी. १७७५ पासून टपालकचेरीही तीच पाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारांची बहुतेक नावे आधी छापलीच नव्हती. इंग्रजांच्या लेखी तो राजद्रोह, म्हणजे फाशीच! जानेवारी १७७७ मध्ये तिथल्या काँग्रेसने नावांसह एकपानी पत्रक छापण्याचे काम हिला दिले. एरवी ती आडनावाआधी नुसती आद्याक्षरे घाली. या पत्रकाखाली मात्र तिने पूर्ण नाव छापले. आपण हळदीकुंकवाच्या पत्रकाखाली नाव घालायलाही बिचकतो!

१७८९ साली टपालाचे काम काढून पुरुषाला दिले. कारण काय, तर फिरती बाईमाणसाला झेपणार नाही. १४ वर्षे झेपलेच होते की! २०० हून अधिक गावकऱ्यांनी अर्ज केला. उपयोग झाला नाही. पुढे तिने पुस्तकांचे दुकान चालवले. १८१६ मध्ये ती वारली.