लाल केसांचा पाद्री आणि पिएताच्या मुली

बँकेला किंवा विमा कंपनीला फोन लावला की ताटकळत ठेवताना आपल्याला जे व्हायोलिन ऐकवतात, ते बऱ्याचदा अंतोनिओ विवाल्दीचं असतं. ‘फोर सीझन्स’मधला वसंत. नाव माहीत नसलं तरी चाल सगळ्यांच्या ओळखीची. व्हायोलिन म्हटलं की हा माणूस, एवढं मलाही ठाऊक होतं. पण त्याने उमेदीची वर्षं मुलींच्या एका वसतिगृहात मास्तरकी करण्यात घालवली, हे कळलं ते नोकरीसाठी व्हिएन्नाला आल्यावर. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार वर्षं मुलींच्या हॉस्टेलवर काढली आहेत. रेक्टरबाई, सही करायचं रजिस्टर, मेसची पातळ आमटी, सगळं अनुभवून झालंय. त्यामुळे खरं सांगायचं तर मला त्याच्या संगीताच्या आधी त्या वसतिगृहाचंच कुतूहल वाटलं.

विवाल्दीचा जन्म व्हेनिसमध्ये ४ मार्च १६७८ रोजी झाला. मूल जगतं की नाही अशी अवस्था, म्हणून सुइणीनेच घरात घाईघाईने बाप्तिस्मा उरकला. वडील आधी न्हावी होते, पण व्हायोलिन इतकं उत्तम वाजवायचे की पुढे सेंट मार्कच्या मोठ्या चर्चमधल्या वाद्यवृंदात त्यांना नोकरी मिळाली. मुलाचा पहिला गुरू बापच. घरात पोरं बरीच, पैसा बेताचा. थोरल्याला पाद्री करणं ही त्या काळची समजूतदार सोय होती. मार्च १७०३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, अंतोनिओ पाद्री झाला. केस लालभडक असल्यामुळे गावभर नाव पडलं लाल पाद्री. छातीचा विकार मात्र जन्मापासून पाठीशी होता. त्याचं कारण सांगून त्याने लवकरच चर्चमध्ये प्रार्थना चालवणं बंद केलं, ते कायमचं. बहुधा दमा असावा. नाटकं बसवायला आणि गावोगाव हिंडायला तो दमा कसा आड आला नाही, असं लोक तेव्हाही विचारायचे.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याला पिएतामध्ये व्हायोलिन शिक्षकाची नोकरी लागली. पगार वर्षाला ६० दुकात.

पिएता म्हणजे नुसती संगीत शाळा नव्हे. १३४६ साली एका फ्रान्सिस्कन साधूने टाकून दिलेल्या मुलांसाठी सुरू केलेली ही संस्था. भिंतीत एक कोनाडा होता. मूल त्यात ठेवायचं आणि निघून जायचं, कोणी काही विचारणार नाही. कोनाडा लहान, म्हणजे तान्हं बाळच त्यात मावेल एवढा. आजच्या चर्चच्या बाजूच्या बोळात भिंतीवर १५४८ सालची एक शिळा आहे. मूल पोसायची ऐपत असूनही जे इथे आणून टाकतील त्यांना देवाचा शाप लागो आणि धर्मातून बहिष्कार होवो, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरलाय. म्हणजे ऐपत असलेलेही टाकत होतेच.

आलेल्या प्रत्येक बाळाची वहीत नोंद व्हायची. कधी आलं, अंगावर काय कपडे होते, सोबत काय होतं. हे ‘सोबत काय’ फार वाईट आहे वाचायला. अर्धं नाणं, मधोमध कापलेलं पदक, देवाच्या चित्राचा फाडलेला अर्धा तुकडा. दुसरा अर्धा आईजवळ. उद्या दिवस पालटले तर दोन्ही तुकडे जुळवून मूल परत नेता यावं, म्हणून. हे तुकडे व्हेनिसमध्ये आजही जपून ठेवलेत. जुळवायला कोणी आलंच नाही, म्हणून तर ते उरले. बाळाच्या अंगावर तापल्या लोखंडाने पिएताच्या ‘पी’ची बारीकशी खूण उमटवत, की ते संस्थेचं म्हणून ओळखू यावं. मग दाईकडे, पुष्कळदा गावाबाहेर खेड्यात. आडनाव नाही. आपल्याकडे १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, त्यामागची गरज हीच, फक्त जागा वेगळी आणि काळ वेगळा.

मुलगे हाताशी आले की एखादा धंदा शिकून बाहेर पडत. मुलींना तीनच वाटा होत्या, लग्न, जोगीण होणं, नाहीतर जन्मभर तिथेच राहणं. विवाल्दीच्या वेळी संस्थेच्या जबाबदारीवर हजाराच्या घरात जीव होते. त्यातल्या बहुतेक मुलींना म्हणायचे ‘कोमुन’च्या, म्हणजे साध्या मुली. त्या शिवण, लेस, धुणं, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा करायच्या. ज्यांचा गळा किंवा हात चांगला, अशा चाळीस-पन्नास जणी निवडून ‘कोरो’त जायच्या. कोरोतल्या मुलीला जेवण थोडं बरं, सरपण आणि दिव्याचं तेल जास्त, कामातून सवलत. कधीमधी पहाऱ्यात का होईना, एखाद्या सरदाराच्या बागेतल्या घरी सहल. तुम्ही हॉस्टेलवर राहिला असाल तर एक पोळी जास्त मिळण्याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

बाहेरचे मास्तर मोजकेच. रोजचं शिकवणं मुलींचंच होतं. थोरली धाकटीला घडवायची, ती धाकटी पुढे मास्तरीण व्हायची. हे मला फार आवडलं. स्वर ओळखणं, वाचून गाणं, वाद्य जुळवणं, नोटेशन उतरवून घेणं, सगळं एका पिढीकडून दुसरीकडे त्याच छपराखाली. विवाल्दी येऊन व्हायोलिन शिकवायचा, संस्थेसाठी वाद्यं आणि तारा विकत आणून द्यायचा, नवीन रचना लिहायचा. पण तो दार उघडून बाहेर जाऊ शकत होता, एवढा फरक होताच.

आडनाव नसल्यामुळे मुली ओळखल्या जायच्या वाद्यावरून किंवा आवाजावरून. पेलेग्रिना ओबोवाली, पाऊलिना टेनर, आन्नेता बास. हो, बास! पुरुषांच्या पट्टीचे आवाजही मुलीच गायच्या. वाद्यांमध्येही बायकी-पुरुषी असं काही नव्हतं. त्या काळात बाईच्या हाती शोभत नाही म्हणून जी वाद्यं बाहेर कोणी देत नसे, ती बसून बदडावी लागणारी नगारी असोत की छातीभर श्वास लागणारा बसून असो, इथे मुलीच वाजवायच्या. १७१६ मध्ये तुर्कांविरुद्धच्या युद्धात कोर्फू वाचल्यावर विवाल्दीने ‘जुदिता त्रिउम्फान्स’ लिहिलं. त्यातल्या पाचही भूमिका मुलींनी गायल्या. शत्रूचा सेनापती होलोफेर्नेस गायली आपोलोनिया नावाची मुलगी. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले त्याच्या दोनशे वर्षं आधी हा उलटा प्रकार चालू होता. फरक एवढाच, की बालगंधर्वांना डोळे भरून पाहता यायचं आणि आपोलोनिया दिसायची नाही.

कारण मुली वरच्या सज्जात, लोखंडी जाळीच्या आड उभ्या राहत. खाली चर्चमध्ये युरोपभरातले राजे, वकील, प्रवासी. खुर्च्या भाड्याने मिळत आणि त्या भाड्याचं उत्पन्न संस्थेला होई. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची बंदी, तेव्हा आवडलं की लोक खोकायचे, नाकं शिंकरायचे, पाय घासायचे. फ्रेंच विचारवंत रुसो १७४३ च्या सुमारास व्हेनिसमध्ये वकिलातीत कामाला होता. पिएतासारख्याच मेंदिकान्ती नावाच्या संस्थेत तो गाणं ऐकून वेडा झाला, ओळख काढून मुलींना भेटायला गेला. बघतो तर कोणाला एक डोळा नाही, कोणाच्या तोंडावर देवीचे व्रण. जाळीमागे त्याने मनात अप्सरा रंगवल्या होत्या! त्याचं मन काही काळाने पुन्हा गाण्याकडे वळलं, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवलंय. पण त्या मुलींना ह्या भेटीबद्दल काय वाटलं ते कोणी विचारलं नाही.

आता मास्तरांच्या नोकरीबद्दल. ती पक्की नव्हती. संस्थेच्या विश्वस्तांनी दरवर्षी मतदान करायचं, पुढच्या वर्षी हा हवा की नको. १७०९ मध्ये विवाल्दी सात विरुद्ध सहा मतांनी हरला. एका मताने नोकरी गेली! थोरल्या मुली शिकवायला तयार झाल्या की मास्तरवर खर्च कशाला, असं एक कारण सांगितलं जातं. म्हणजे इतकं चांगलं शिकवलं की स्वतःचीच गरज उरली नाही. इथे कामाचं कार्ड सुरुवातीला एकाच मालकाला बांधलेलं असतं. एका कंपनीत माझं कंत्राट वाढवायचा निर्णय शेवटच्या आठवड्यापर्यंत लटकला होता. माझ्या जागी ज्याला तयार करायला सांगितलं होतं, त्याला मीच सगळा कोड समजावून देत होते. त्यामुळे ह्या सात-सहाच्या मतदानाची गोष्ट वाचताना मला त्या विश्वस्तांचा मनापासून राग आला.

दोन वर्षांनी त्यांनी त्याला परत बोलावलं. दरम्यान १७११ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याचा ‘लेस्त्रो आर्मोनिको’ हा संग्रह छापला गेला आणि तो युरोपभर माहीत झाला. तिकडे जर्मनीत तरुण बाखने त्यातल्या कित्येक रचना स्वतःच्या हाताने दुसऱ्या वाद्यांसाठी उतरवून घेतल्या. पुढे विवाल्दी ऑपेराच्या धंद्यात पडला. मांतोव्हाला जाऊन राहिला, गावं पालथी घातली. १७२३ मध्ये पिएताने त्याच्याशी नवा करार केला. महिन्याला दोन कॉन्चेर्तो, प्रत्येकी एक सोन्याचं नाणं. गावात असेल तेव्हा तालमी घ्यायच्या, बाहेर असेल तर रचना टपालाने पाठवायच्या आणि टपालखर्च संस्थेकडे मागायचा नाही. सहा-सात वर्षांत त्याने अशा एकशे चाळीसच्या वर रचना दिल्या. ‘फोर सीझन्स’ छापून आलं ते ह्याच काळात, १७२५ साली.

ह्या रचना कोणासाठी होत्या, तर समोर बसलेल्या मुलींसाठी. आन्ना मारिया नावाची मुलगी तान्ही असताना पिएतात आली, ती १६९६ च्या सुमाराची. तिच्यासाठी विवाल्दीने वीसहून अधिक व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहिले. तिचं नाव घातलेली एक वही व्हेनिसच्या संगीत विद्यालयात आहे, तिच्यात एकतीस कॉन्चेर्तोंचे व्हायोलिनचे भाग आहेत. त्यातल्या वेगवान जागा वाचल्या तरी तिचा हात काय असेल ते समजतं. पुढे ती स्वतः व्हायोलिनची मास्तरीण झाली, मग सगळ्या कोरोची प्रमुख. बाहेर ती कधीच राहिली नाही. लग्न करून जाणाऱ्या मुलीला संस्था हुंडा द्यायची, पण आता लोकांसमोर गाणार-वाजवणार नाही असं लिहून घ्यायची. म्हणजे संसार हवा तर संगीत सोडा, संगीत हवं तर जाळीमागे राहा. ही अट माझ्या आजीच्या पिढीतल्या गाणाऱ्या बायकांना नवीन वाटली नसती. पिएताचं कौतुक करताना लोक ही अट विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शेवटची काही वर्षं विवाल्दीची पडती होती. व्हेनिसला आता नेपल्सच्या नव्या लोकांची गाणी आवडायला लागली. १७३७ मध्ये फेराराच्या कार्डिनलने त्याला गावात यायलाच मनाई केली. पाद्री असून प्रार्थना चालवत नाही आणि आन्ना जिरो नावाच्या गायिकेबरोबर हिंडतो, हे कारण. ऑपेराच्या धंद्यात पैसा बुडाला. १७४० मध्ये त्याने पिएताला वीस कॉन्चेर्तो एकगठ्ठा विकले, मिळाले सत्तरच्या आसपास दुकात. सदतीस वर्षांपूर्वीचा पहिला पगार साठ होता, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

मग वयाच्या बासष्टाव्या वर्षी तो परदेशी निघाला, व्हिएन्नाला. सम्राट सहावा चार्ल्स त्याचा चाहता, त्याच्या दरबारात काही जमेल अशी आशा असावी. पण त्याच ऑक्टोबरात सम्राट वारला, दरबारी दुखवटा, नाट्यगृहं बंद. विवाल्दी इथेच अडकला. जून १७४१ मध्ये त्याने एका सरदाराला रचना विकल्याची पावती आहे. महिनाभरात, २८ जुलैला, एका खोगीर करणाऱ्याच्या विधवेच्या घरी भाड्याने राहत असताना तो गेला. अंत्यविधीला लहान घंटा वाजली, खर्च एकोणीस गुल्डन पंचेचाळीस क्रॉइत्सर. पुरलं इस्पितळाच्या दफनभूमीत. ती दफनभूमी आता नाही. कार्ल्सप्लात्झला तिथे तांत्रिक विद्यापीठाची इमारत आहे आणि भिंतीवर त्याच्या नावाची पाटी. रोज तिथे मेट्रो बदलणारे हजारो लोक त्या पाटीखालून जातात, त्यात आपले मराठी इंजिनिअर आणि विद्यार्थीही असतात.

आन्ना मारिया त्याच्यानंतर एकेचाळीस वर्षं जगली, १७८२ पर्यंत. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, कोरोही विरून गेला. संस्था मात्र अजून चालू आहे, मुलांसाठी आणि अडचणीतल्या आयांसाठी काम करते. त्या काळातलं चर्च आता नाही. सध्याचं चर्च विवाल्दीच्या मृत्यूनंतर बांधलं, हे तिथे तिकीट काढून मैफल ऐकायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

विवाल्दी तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं विस्मरणातच गेला होता. १९२६ मध्ये पीयेमोन्तेतल्या एका धार्मिक निवासी शाळेला छप्पर दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी जुने ग्रंथ विकायला काढले. त्यात विवाल्दीच्या हस्तलिखितांचे गठ्ठे निघाले. तोरिनोच्या सरकारी ग्रंथालयाकडे एवढे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ आणि फिलिप्पो जोर्दानो ह्या दोघा धनिकांनी ते विकत घेऊन ग्रंथालयाला दिले. दोघांचीही लहान मुलं नुकतीच वारली होती, माउरो आणि रेन्झो. विवाल्दीची हस्तलिखितं आजही तोरिनोत त्या दोन बाळांच्या नावाने ठेवलेली आहेत.