विल्यम कॅरे : ईश्वरेच्छा आणि माणसाचे कर्तव्य

मराठीचे छापील व्याकरण आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश सिद्ध करणारे विल्यम कॅरे आपल्याकडील भाषाभ्यासकांना परिचित आहेत. ज्या धर्मविवादातून ते घडले, तो मात्र फारसा ठाऊक नाही.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात एका विणकराच्या घरी जन्मलेले कॅरे जोडे शिवण्याचा धंदा शिकले आणि १७८३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन बॅप्टिस्ट झाले. कोणाचा उद्धार व्हायचा हे देवाने आधीच ठरविले आहे, सर्वांना श्रद्धेचे आवाहन करणे हे माणसाचे काम नव्हे, असे त्या काळी या पंथातील अनेक धर्मोपदेशक मानीत. केटरिंगचे अँड्र्यू फुलर यांनी १७८५ मध्ये ग्रंथ लिहून या मताला उत्तर दिले. देवाची निवड त्यांनी नाकारली नाही. परंतु शुभवर्तमान ऐकणाऱ्या प्रत्येकावर श्रद्धेचे कर्तव्य आहे आणि माणूस ते टाळतो ते बुद्धी वा शक्ती नाही म्हणून नव्हे, तर त्याची इच्छा नसते म्हणून, असे त्यांनी प्रतिपादिले.

ऐकणाऱ्यावर कर्तव्य असेल, तर सांगणाऱ्यावर का नसावे? कॅरे यांच्या १७९२ मधील पुस्तिकेच्या शीर्षकातच साधने वापरण्याच्या बंधनाचा उल्लेख आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे मिशनरी संस्था स्थापन झाली.

१७९३ मध्ये कॅरे बंगालमध्ये उतरले. पत्नी डोरोथी आरंभी यायलाच तयार नव्हती. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर दगावला आणि तिचे मानसिक संतुलन ढळले, ते १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. कर्तव्य पतीचे, मोल मात्र तिने चुकविले. ईश्वरेच्छेचे नाव घेऊन हा हिशेब झाकता येत नाही.

१८०० पासून श्रीरामपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साह्याने १८०५ मध्ये व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतील शब्दकोश प्रसिद्ध झाला.

११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरचा छापखाना जळाला. वर्षानुवर्षांच्या हस्तलिखितांची राख झाली. कॅरे यांनी हे देवाचे करणे म्हणून शिरोधार्य मानले आणि लगेच कामाला हात घातला. वितळलेल्या धातूतून नवे खिळे ओतले गेले, भाषांतरे पुन्हा लिहिली गेली. बहुभाषी कोश मात्र गेला तो गेलाच. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथेच कॅरे यांचे निधन झाले.