सौम्यतेचे आचार्य संत फ्रान्सिस दे सेल्स

जुबिलीचें वर्ष आलें म्हणजे प्रत्येक धर्मग्राम आपला हिशेब मांडीत असतो. बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, देवळाचें छप्पर केव्हां बदललें, घंटा कोणी अर्पण केली, या सर्वांची नोंद होत असते व ती व्हावी हेंहि योग्यच आहे. परंतु एक हिशेब कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. आपल्याच चुकीच्या लाजेनें देवळाच्या दारापर्यंत येऊन माघारीं फिरलेलीं माणसें किती, हा तो हिशेब होय. आजाऱ्यांच्या भेटीस व घरोघरीं आशीर्वाद देण्यास जातांना आम्हांस असें आढळलें आहे कीं, देव क्षमाशील आहे असें मानणारे पुष्कळ भेटतात, पण ती क्षमा आपल्यासाठींहि आहे असें मानणारे विरळा. अशा बंधुभगिनींसाठीं एका थोर संताचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

फ्रान्सिसचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं आल्प्स पर्वताच्या प्रदेशांत, तोराँ गांवाजवळच्या सेल्स नामक गढींत झाला. हा मुलूख त्या काळीं सॅव्हॉयच्या ड्यूकच्या अंमलाखालीं होता. आज तो फ्रान्स देशांत मोडतो. घराणें सरदारी व मुलगा थोरला. तेव्हां त्यानें कायदा शिकून दरबारीं मोठा अधिकार मिळवावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठीं त्याला पॅरिस शहरीं येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेर्माँ कॉलेजांत पाठविण्यांत आलें. मुलगा अभ्यासांत हुशार, वागण्यांत सालस, भक्तींत नियमित. बाहेरून पाहणाऱ्यास त्याच्या जीवनांत कसलेंच उणें दिसत नव्हतें.

परंतु १५८६ सालाच्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, या सालस तरुणाच्या अंतःकरणावर काळोख पसरला. मनुष्याचें तारण कीं नाश हें देवानें आधींच ठरवून ठेविलेलें असतें काय, या प्रश्नावर त्या काळीं विद्वानांत मोठे वाद चालत. ते ऐकतां ऐकतां आपलें नांव नाश पावणाऱ्यांतच आहे, अशी भीति फ्रान्सिसच्या मनांत घर करून बसली. सुमारें सहा आठवडे त्याला अन्न गोड लागेना, झोंप येईना. शरीर खंगत चाललें. शेवटीं एके दिवशीं तो साँ एतिएन दे ग्रे या देवळांत शिरला आणि पवित्र मरियेच्या मूर्तीपुढें गुडघे टेकून त्यानें आपलें सर्व दुःख तिच्या पायांशीं ओतलें. मरणोत्तर देवाचा वियोगच वाट्यास येणार असेल, तर निदान या आयुष्यांत तरी त्याच्यावर मनापासून प्रीति करितां यावी, एवढेंच त्यानें मागितलें. मग मरियेचा आश्रय मागणारी जुनी प्रार्थना त्यानें म्हटली, आणि उठला तो भयमुक्त होऊनच.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. फ्रान्सिसनें या भीतीवर जय मिळविला तो अधिक कडक उपवास करून नव्हे, किंवा स्वतःस अधिक दूषणें देऊनहि नव्हे. आपण असहाय आहों हें त्यानें कबूल केलें, आणि तें एकट्यानें कुढत न बसतां आपल्या स्वर्गीय मातेजवळ कबूल केलें. पुढील आयुष्यांत हजारों दुःखी जीवांस जो धीर त्याच्याकडून मिळाला, त्याचें मूळ त्या देवळांतील फरशीवर आहे.

इटलींतील पादुआ येथें १५९१ सालीं कायद्याची डॉक्टर पदवी मिळवूनहि त्यानें न्यायासनाची वाट सोडली व १८ डिसेंबर १५९३ रोजीं गुरुदीक्षा घेतली. दुसऱ्याच वर्षीं जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले प्रांतांत फादर फ्रान्सिस धर्मकार्यास गेले. तेथील लोक कॅल्विनच्या पंथास मिळालेले होते. प्रवचन ऐकावयास कोणी येईना. तेव्हां त्यांनीं लहान लहान पत्रकें लिहून लोकांच्या दाराखालून आंत सरकविलीं. पुढें १६०२ सालीं ते जिनिव्हाचे बिशप झाले. मात्र तें शहर कॅथॉलिकांस बंद असल्यामुळें त्यांचें वास्तव्य ॲनसी या गांवीं राहिलें. त्यांची सौम्यता जन्मजात होती, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः त्यांचा स्वभाव तापट होता. तो आवरण्यास त्यांस वर्षानुवर्षें झटावें लागलें; म्हणूनच घसरलेल्या माणसाची व्यथा त्यांस पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

१६०९ सालीं त्यांचा 'भक्तिमय जीवनाचा परिचय' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संसारी माणसासहि आपल्या व्यवसायांत राहून पवित्र होतां येतें, हें त्यांत त्यांनीं पटवून दिलें. आणि स्वतःशीं सौम्यपणें कसें वागावें, यासाठीं एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें. रागावल्याबद्दल स्वतःवर रागावणारा मनुष्य एका रागाचे दोन राग करितो, आणि त्या दुसऱ्या रागांत पश्चात्तापापेक्षां अहंकारच अधिक असतो, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. आपण कधीं पडणारच नाहीं अशी ज्याची समजूत असते, त्यालाच आपल्या पडण्याचा अतोनात संताप येतो. चिखलांत रुतलेल्या बैलास चाबकानें झोडपलें तर तो अधिकच रुततो. शहाणा गाडीवान खालीं उतरून चाकास खांदा देतो. आपल्या जीवाशींहि असेंच वागावें. मात्र ही ढिलाई नव्हे. पापास पाप म्हणावें, त्याचें दुःख मानावें, पापनिवेदन करावें, आणि शांत चित्तानें पुन्हां चालूं लागावें.

ही शिकवण त्यांनीं कशी आचरिली हें बॅरोनेस जेन दे शांताल या विधवा बाईंच्या बाबतींत दिसतें. १६०१ सालीं त्यांचे पति शिकारींत एका सोबत्याच्या हातून चुकून गोळी लागून मरण पावले होते. त्या सोबत्यास तोंड देणें जेनबाईंस असह्य होई. १६०४ सालीं दिजाँ शहरीं त्यांची बिशप फ्रान्सिस यांच्याशीं भेट झाली. बिशपांनीं जबरदस्ती केली नाहीं. आपण होऊन भेट शोधूं नये, पण ती घडून आलीच तर मन सौम्य ठेवावें. त्या वेळीं रक्त उसळलें, हृदय कांपलें, तरी त्याचा बाऊ करूं नये, असा सल्ला त्यांनीं दिला. पुढें त्याच बाईंनीं त्या गृहस्थाच्या मुलाची धर्ममाता होण्याचें पत्करलें. जखम झाकून ती बरी झाली नाहीं. विश्वासू माणसास दाखविल्यानें बरी झाली.

या दोघांनीं मिळून ६ जून १६१० रोजीं ॲनसी येथें मरियेच्या भेटीचा संघ स्थापिला. इतर मठांतील कठोर तपश्चर्या ज्यांस झेपत नसे, अशा विधवा, वयस्क व प्रकृतीनें नाजूक स्त्रियांसहि त्याचें दार उघडें होतें. शरीराचें दुबळेपण देवाच्या सेवेच्या आड येत नाहीं, हें या संघानें जगास दाखविलें. बिशपांच्या घरींहि हाच नियम होता. मार्तिन नांवाच्या एका बहिऱ्या-मुक्या माणसास त्यांनीं स्वतः खाणाखुणांनीं धर्मशिक्षण देऊन प्रभुभोजनास तयार केलें व आपल्याजवळ आश्रय दिला.

२८ डिसेंबर १६२२ रोजीं लियाँ शहरीं, भेटीच्या मठाच्या माळ्याच्या साध्याशा खोलींत, वयाच्या ५५ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. १६६५ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हणून जाहीर केलें, १८७७ सालीं धर्माचार्य ही पदवी दिली व १९२३ सालीं कॅथॉलिक लेखकांचे आश्रयदाते नेमिलें. त्यांचा सण २४ जानेवारीस येतो. महाराष्ट्रासहि ते परके नाहींत. १८३८ साली ॲनसी येथें फादर पीटर मर्मिए यांनीं त्यांच्या नांवानें संघ स्थापिला, त्या संघाचे धर्मगुरू १८४५ सालीं हिंदुस्थानाकडे निघाले, आणि नागपूरचें कॅथीड्रल याच संताच्या नांवें उभें आहे.

आतां आमचीहि एक गोष्ट सांगतों. सेमिनरींत असतांना आम्ही रोजच्या दोषांची एक वही ठेवीत असूं. वही भरत गेली आणि मन रितें होत गेलें. आपण वेदीस नालायक आहों असें ठरवून एका रात्रीं आम्ही पेटी बांधावयास घेतली. तेव्हां एका सहाध्यायानें कारण पुसलें आणि कसेंबसें आमचें तोंड उघडलें. त्यानें उपदेश केला नाहीं. आपल्या उशाखालची वही काढून त्यानें आमच्या हातीं दिली. ती आमच्यासारखीच भरलेली होती. पेटी पुन्हां सोडली, आणि आज आम्ही हें लिहीत आहों.

बंधुभगिनींनो, जुबिलीनिमित्त आमचें मागणें थोडकें आहे. ज्याच्या मनावर ओझें आहे त्यानें तें निदान एका विश्वासू माणसाजवळ उतरावें आणि मग निर्भयपणें क्षमेच्या साक्रामेंताकडे यावें. आणि पुष्कळ दिवसांनीं कोणी देवळांत आलाच, तर इतके दिवस कोठें होतास असें न विचारतां आपण बांकावर थोडें सरकून त्यास जागा द्यावी. संत फ्रान्सिस दे सेल्स आपणां सर्वांसाठीं विनंती करोत. आमेन.