एका गुणाचं उत्तर

संपादक मंडळाने मला स्मरणिकेसाठी माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं. मी मुलांच्या बाजूने न्यायालयात उभी राहते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण त्या मुलांच्या गोष्टी छापायला कायद्याची परवानगी नाही आणि माझं मनही धजत नाही. म्हणून एका बाईंविषयी लिहिते. त्यांचं नाव आपण सगळ्यांनी एका गुणासाठी पाठ केलं होतं. भारतातील पहिली महिला वकील कोण? कॉर्नेलिया सोराबजी. आपल्या बाईंनी तेव्हा फळ्यावर एवढंच लिहिलं होतं, आणि दोष बाईंचा नाही, पुस्तकातच तेवढं होतं. कॉर्नेलिया आपल्या नाशकात जन्मल्या हे मला वकिली सुरू करून बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील पारशी घरातले, ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना ही एका इंग्रज दाम्पत्याने दत्तक घेऊन वाढवलेली. पुढे पुण्यात या आईने व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं, तिथे सगळ्या धर्मांची मुलं एकत्र शिकत. कॉर्नेलिया लहान असताना घरी एक श्रीमंत गुजराती विधवा रडत आली. कारभाऱ्याने तिच्याकडून कागदावर सही घेऊन तिची मालमत्ताच हडपली होती. अशा बायकांना मदत करायची तर कायदा शिक, असं आईने लेकीला सुचवलं. सोराबजींनी आत्मचरित्रात ही हकिकत सांगितली आहे.

शिक्षणाचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो सर्वत्र वाचायला मिळतो. डेक्कन कॉलेजातून पहिला वर्ग आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. या निकालावर मिळणारी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र त्या मुलगी असल्यामुळे नाकारली गेली. मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवलं. तिकडे इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा पुरुषांबरोबर देता यावी म्हणून विद्यापीठाला ऐनवेळी खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, उत्तीर्णही झाल्या, पण पदवी मिळाली नाही. स्त्रियांना पदवी द्यायची तेव्हा सोयच नव्हती.

परत आल्यावर मुंबईची एलएल. बी. आणि अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाहीच. मला वाटतं, दुसरं कुणी असतं तर इथे थांबलं असतं. त्यांनी सरकारच्या मागे लागून स्वतःसाठी जागाच निर्माण करून घेतली. १९०४ मध्ये बंगालच्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स'मध्ये त्यांची लेडी असिस्टंट म्हणून नेमणूक झाली.

ही काय भानगड होती? सातबाऱ्यावर तुम्ही 'अ.पा.क.' ही अक्षरं पाहिली असतील, अज्ञान पालनकर्ता. जमीनदार वारला आणि वारस अज्ञान किंवा मागे फक्त बायका असल्या, की त्या इस्टेटीचा कारभार सरकार हाती घेई. पालनकर्ता सरकार, पण सरकारचे अधिकारी सगळे पुरुष. मुलाची आई पडद्याआड. तिचं म्हणणं बाहेर यायचं ते गुमास्त्यांमार्फत आणि नातेवाइकांमार्फत, म्हणजे बहुतेक वेळा ज्यांचा डोळा इस्टेटीवर होता त्यांच्याच तोंडून. आत सात-आठ वर्षांचं पोर. ते जगलं तर एकाचा फायदा, नाही जगलं तर दुसऱ्याचा. विषप्रयोगाची भीती त्या वाड्यांमध्ये खरीखुरी होती.

सोराबजी पालखीतून, होडीतून, कधी हत्तीवरूनही या वाड्यांवर पोहोचत आणि थेट जनानखान्यात जाऊन बसत. मुलाची तब्येत, त्याचं शिक्षण, खर्चाला मिळणारे पैसे, दत्तकाची भांडणं, सासू-सुनांचे हिशेब हे सगळं समक्ष ऐकून सरकारला अहवाल देत. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख. वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि पोरकी मुलं त्यांच्या मदतीने सावरली असं मानलं जातं. आणि या बहुतेक काळात न्यायालयात उभं राहण्याचा हक्क त्यांना नव्हता.

हे वाचताना मला माझी एक चूक आठवली. सुरुवातीच्या काळात एका मुलीच्या ताब्याच्या प्रकरणात सगळी माहिती मी तिच्या एका नातेवाइकाकडून घेतली. मुलीशी बोलले ते तारखेच्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात, जेमतेम पाच मिनिटं. त्या गृहस्थांना मुलीपेक्षा तिच्या नावावरच्या घरात रस होता हे फार उशिरा लक्षात आलं. माझ्याकडे सनद होती, काळा कोट होता, आणि मुलीपर्यंत पोहोचायला पडदाही आडवा नव्हता. आता पहिली भेट मी मूल असेल तिथे जाऊन घेते, फाईल न उघडता.

सोराबजींची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. त्या इंग्रजी राज्याच्या कट्टर समर्थक होत्या. गांधीजींचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. कॅथरीन मेयोच्या 'मदर इंडिया'ची त्यांनी बाजू घेतली आणि इथल्या सुशिक्षित समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. मला त्यांची ही मतं पटत नाहीत. पण त्यांना एका ओळीत गुंडाळून ठेवण्याचं एक कारण हेही असावं असं वाटतं.

ऑक्सफर्डची पदवी त्यांनी १९२२ मध्ये जाऊन घेतली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि कलकत्त्यात वकिली सुरू केली, तेव्हा वयाची साठी जवळ आली होती. पुरुषांच्या त्या दुनियेत त्यांना कोर्टात बोलायची संधी थोडी आणि अभिप्राय लिहून देण्याचं काम जास्त मिळालं. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. पुढे दृष्टी अधू झाली. ६ जुलै १९५४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

त्यांचं 'इंडिया कॉलिंग' हे आत्मचरित्र मी मेळाव्याला घेऊन येते आहे. ज्याला हवं त्याने न्यावं. फक्त परत करा, शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं आपण कशी 'परत' केली ते मला आठवतं आहे.