मातीचा डॉक्टर : कार्ल टेरझागी

मी सगळं शिक्षण इंग्रजीत घेतलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण आमच्या हॉस्टेलसमोरच्या चरात उतरणारे लोक मराठीच बोलायचे.

पाइपलाइनसाठी तो चर खणला होता. आत उभ्या माणसाचं डोकंही रस्त्यावरून दिसत नव्हतं. बाजूला फळ्या नाहीत, आडवे टेकू नाहीत, काढलेली माती सगळी काठावरच. दुपारी कामगार सावली म्हणून आतच डबा खायला बसायचे. एका रात्री त्याची एक बाजू खाली आली. आत कुणी नव्हतं हे नशीब. एक घनमीटर माती म्हणजे साधारण पावणेदोन टन, अडीच मारुती ८००! त्या दिवशी सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकातलं एक नाव मला पहिल्यांदा खरा माणूस वाटलं.

कार्ल टेरझागींचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्रागमध्ये झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. ग्राझला त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं (आपल्या विषयाचा जनक मेकॅनिकलवाला!) आणि उनाडक्यांमुळे कॉलेजातून नाव काढायची वेळ आली होती, एका प्राध्यापकांनी वाचवलं. पुढे कामांवर हिंडताना त्यांना दिसलं की पूल आणि पोलाद यांचं गणित पक्कं आहे, पण ज्या मातीवर सगळं उभं, तिच्याबद्दल सगळे अंदाजाने बोलतात.

पहिल्या महायुद्धात ते इस्तंबूलला शिकवायला गेले. पुढे तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात सिगारची खोकी आणि भंगारातल्या वस्तू जोडून त्यांनी उपकरणं बनवली. त्यातून १९२३ मध्ये कन्सॉलिडेशनची थिअरी आली आणि १९२५ मध्ये ते प्रसिद्ध जर्मन पुस्तक. मातीवरचा भार कण आणि त्यांच्यातलं पाणी वाटून घेतात, ही त्यातली मुख्य गोष्ट. परीक्षेत आपण सूत्र लिहून मोकळे होतो. पण चिकणमातीतला चर पहिल्या दिवशी ताठ उभा राहतो आणि चार दिवसांनी का ढासळतो, त्याचं उत्तर इथेच आहे. खणल्यावर दाब सुटतो, माती हळूहळू पाणी शोषते आणि तिची ताकद उतरते. काल उभा होता म्हणून आज सुरक्षित, हा हिशोब मातीला लागू होत नाही.

पुढे एमआयटी, मग व्हिएन्ना. ऑगस्ट १९३५ मध्ये बर्लिनला भर रस्त्यात रेल्वेच्या बोगद्यासाठी खणलेला खड्डा कोसळून १९ कामगार गेले. दुसऱ्याच वर्षी टेरझागींनी मातीच्या दाबाच्या जुन्या हिशोबातली चूक दाखवली. आपण काढतो तो त्रिकोण आठवा, वर शून्य आणि खाली सगळ्यात जास्त. खड्ड्यात मात्र वरचा टेकू आधी बसतो, मग खाली खणताना खालची भिंत आत सरकते आणि भार वरच्या टेकूंवर येतो. म्हणजे त्रिकोणावर विसंबून वर हलका टेकू लावला की तोच आधी तुटणार. त्याचा भार शेजारच्यांवर, मग तेही जाणार. पळायला वेळच नाही.

१९३८ मध्ये ते अमेरिकेला गेले. शिकागोत भुयारी रेल्वेचं काम निघालं होतं, मऊ चिकणमातीत, दोन्ही बाजूंना उंच इमारती. टेरझागींनी मातीची प्रयोगशाळा मागितली आणि राल्फ पेक या तरुण इंजिनिअरला साइटवर बसवलं. बोगद्यात माती किती सरकते, वर रस्ता किती खचतो, टेकूंवर किती भार येतो, सगळं मोजलं. त्या आकड्यांवरून खणायची पद्धत बदलली. वरच्या फुटपाथवरून चालणाऱ्यांना यातलं काही कळलंही नसेल. मला हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं, धरणांपेक्षाही.

१९४८ चं पेक यांच्यासोबतचं पुस्तक आपल्या लायब्ररीत बहुतेकांनी पाहिलं असेल. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी टेरझागी गेले.

आपल्याकडे आयएस ३७६४ मध्ये दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायला आणि माती काठापासून लांब टाकायला सांगितलं आहे. मी तो कोड पहिल्यांदा उघडला तो चर ढासळल्यावर. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुकादमाला फळ्यांबद्दल विचारलं, तर म्हणाला, भाऊ, माती कडक आहे, काही होत नाही. पडलेला ढिगारा तेव्हा त्याच्या पायाशीच होता.