रिपोर्टातल्या आकड्यामागचा माणूस : डॉ. डोनाल्ड फ्रेड्रिकसन



वर्षातून एकदा रक्त तपासून झालं की चार-आठ दिवसांत रिपोर्ट येतो. आपण टोटल कोलेस्टेरॉल बघतो, समोर लाल खूण नसली की सुटकेचा श्वास टाकतो आणि कागद ड्रॉवरमध्ये जातो. त्या कागदावर एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, जो आकडा असतो, तो पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. भारतातून आई-बाबांचा रिपोर्ट येतो त्यावर व्हीएलडीएल म्हणून आणखी एक आकडा असतो, तोही बहुधा गणितानेच. हे गणित १९७२ साली ज्या तिघांनी मांडलं, त्यांतले एक डॉ. डोनाल्ड फ्रेड्रिकसन. आपल्यापैकी कितीतरी जण रोज मेट्रोच्या रेड लाईनने बेथेस्डाच्या मेडिकल सेंटर स्टेशनवरून जातात. त्या स्टेशनासमोरच्या एनआयएचमध्ये या माणसाचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. आज त्यांची ओळख करून द्यावी असं मनात आहे. त्याला घरचंही एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

फ्रेड्रिकसन यांचा जन्म ८ ऑगस्ट १९२४ चा, कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटी या छोट्या गावातला. मिशिगन विद्यापीठातून १९४९ साली ते डॉक्टर झाले. हॉलंडच्या सहलीत प्रिसिला नावाची डच मुलगी भेटली आणि १९५० साली दोघांचं लग्न झालं. बॉस्टनमध्ये शिकाऊ डॉक्टर म्हणून काम करताना त्यांना कोलेस्टेरॉलच्या रसायनशास्त्राची गोडी लागली. १९५३ साली ते बेथेस्डाच्या नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये आले. पुढे नोबेल मिळवणारे क्रिस्तियान अँफिन्सन तिथे त्यांचे वरिष्ठ होते.

त्या काळी चरबी आणि हृदयविकार यांचा काहीतरी संबंध आहे, एवढंच माहीत होतं. तेल आणि पाणी एकत्र राहत नाही हे आपण स्वयंपाकघरात रोज बघतो. मग पाण्यासारख्या रक्तातून चरबी वाहते कशी? ती प्रथिनांच्या वेष्टनात, छोट्या छोट्या गाठोड्यांतून जाते. या गाठोड्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल, एचडीएल, व्हीएलडीएल ही त्यांचीच नावं. फ्रेड्रिकसन यांचं मोठेपण असं, की त्यांनी नुसता चरबीचा एकूण आकडा न बघता कोणतं गाठोडं वाढलंय आणि ते त्या घराण्यात आणखी कोणाला वाढलंय, हे विचारायला सुरुवात केली.

या वाटेवर त्यांना एक बेट भेटलं. आपल्या इथून फार लांब नाही. चेसापीकच्या उपसागरात व्हर्जिनियाच्या हद्दीत टँजियर नावाचं चिमुकलं बेट आहे. पिढ्यान् पिढ्या खेकडे आणि कालवं पकडणाऱ्या काही कुटुंबांची तिथे वस्ती. आडनावं मोजकीच, बरेचजण एकमेकांचे नातलग. १९६० च्या सुमारास तिथल्या पाच वर्षांच्या एका मुलाच्या टॉन्सिल्सची गोष्ट फ्रेड्रिकसन यांच्या कानावर आली. टॉन्सिल्स प्रचंड सुजलेल्या आणि रंगाने चक्क नारिंगी! आत कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं. रक्त तपासलं तर एचडीएल जवळपास शून्य. मुलाच्या बहिणीच्याही टॉन्सिल्स तशाच नारिंगी निघाल्या. आईवडील मात्र धडधाकट होते, पण त्यांच्या रक्तात एचडीएल साधारण निम्मं होतं.

शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलेल्या कोणालाही याचा अर्थ लागेल. आई आणि वडील, दोघांकडे एका जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती. मुलांना दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्या. १९६१ साली फ्रेड्रिकसन यांनी हे प्रसिद्ध केलं आणि या विकाराला बेटाचंच नाव दिलं, टँजियर डिसीज. रक्तातल्या चरबीचं कोडं घराण्याच्या वंशावळीतून सोडवता येतं, हे त्या दोन भावंडांनी दाखवून दिलं. त्याच सुमारास, १९६० साली, दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आनुवंशिक चयापचयाच्या रोगांवरचा एक जाडजूड ग्रंथ संपादित केला. पुढची कित्येक वर्षं तो या विषयातला प्रमाणग्रंथ होता.

मग त्यांनी कामाचा धडाका लावला. रॉबर्ट लेव्ही आणि रॉबर्ट लीस या तरुण सहकाऱ्यांबरोबर अशा घराण्यांची तपासणी सुरू झाली. पद्धत साधी होती. रक्तातला द्रव कागदाच्या पट्टीवर ठेवून वीज सोडायची, चरबीला रंग द्यायचा आणि कुठे किती जाड पट्टा उमटतो ते बघायचं. नमुना रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. सकाळी वर दुधावर येते तशी साय आली, तर जेवणातली चरबी रक्तातून जातच नाहीये असं समजायचं. यातून १९६७ साली पाच प्रकारांचं वर्गीकरण पूर्ण झालं. पहिल्या प्रकारात लहान मुलांचं रक्त दुधासारखं होतं आणि पोटात असह्य दुखतं. दुसऱ्या प्रकारात एलडीएल वाढतं, डोळ्यांभोवती आणि घोट्यामागे पिवळट गाठी येतात आणि ऐन तारुण्यात हार्ट अटॅक येतो. १९७० साली जागतिक आरोग्य संघटनेने हे वर्गीकरण उचललं. आज ते फारसं वापरात नाही, कारण एकाच प्रकारामागे अनेक वेगवेगळी जनुकं असतात हे पुढे कळलं. पण जगभरचे डॉक्टर रक्तातल्या चरबीकडे डोळे उघडून बघायला लागले ते यामुळेच.

आता ते १९७२ चं गणित. एलडीएल थेट मोजायला तेव्हा प्रचंड वेगाने फिरणारं महागडं यंत्र लागायचं. विल्यम फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिकसन यांनी सोपी युक्ती काढली. ट्रायग्लिसराईडला पाचाने भागा, ते झालं व्हीएलडीएल. टोटलमधून ते आणि एचडीएल वजा करा, उरलं ते एलडीएल. समजा टोटल २१०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराईड १५०. मग २१० वजा ४० वजा ३०, म्हणजे एलडीएल १४०. ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर गेलं की हे गणित चालत नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवलं. आता नवी सूत्रं आली आहेत, थेट मोजणीही होते, तरी जगभरच्या असंख्य रिपोर्टांवर हीच वजाबाकी आहे.

फ्रेड्रिकसन यांच्या वॉर्डात तरुण डॉक्टर शिकायला येत. १९६८ ते १९७० या काळात तिथे काम करणाऱ्या जोसेफ गोल्डस्टीन यांनी असे पेशंट पाहिले, की ज्यांना आई आणि वडील दोघांकडून दुसऱ्या प्रकारचा दोष आला होता आणि लहानपणीच हृदयविकार जडला होता. ते चित्र त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढे डॅलसमध्ये मायकेल ब्राऊन यांच्याबरोबर त्यांनी शोधून काढलं, की पेशींवर एलडीएल उचलून घेणारे दरवाजे असतात आणि या मुलांमध्ये तेच नसतात किंवा बिघडलेले असतात. १९८५ साली दोघांना नोबेल मिळालं.

फ्रेड्रिकसन स्वतः १९७५ ते १९८१ एनआयएचचे संचालक होते. जनुकं कापून जोडण्याचं तंत्र तेव्हा नवं होतं आणि प्रयोगशाळेतून काही भयंकर बाहेर पडेल अशी लोकांना धास्ती होती. हे संशोधन थांबवा म्हणणारे आणि मोकळं सोडा म्हणणारे, दोघांच्या मधे उभं राहून १९७६ साली त्यांनी नियम घालून दिले. संशोधन नियमांत राहून चालू राहिलं. रक्तातल्या चरबीची जनुकं पुढे सापडली ती याच तंत्रामुळे. नंतर १९८४ ते १९८७ ते हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. उतारवयात त्यांनी मोरोक्कोचे राजे हसन द्वितीय यांचे डॉक्टर म्हणूनही काम केलं. योगायोग बघा, टँजियर नावाचं एक शहर मोरोक्कोतही आहे! ७ जून २००२ रोजी त्यांचं निधन झालं.

टँजियरची गोष्ट मात्र पुढे चालूच राहिली. १९९९ साली तो बिघडलेला जनुक सापडला. पेशीतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल बाहेर उपसणारा पंप हा जनुक बनवतो. मग डेन्मार्कमधल्या संशोधकांनी या जनुकाची एकच प्रत बिघडलेले लोक शोधले. त्यांचं एचडीएल जन्मभर कमी होतं. आपण तर धरून चाललो होतो, की चांगलं कोलेस्टेरॉल कमी म्हणजे हृदयाला धोका. पण २००८ साली निकाल आला, की त्यांना हृदयविकाराचा धोका वाढलेला नाही. एचडीएल वाढवणारं एक औषध तर २००६ सालीच, मृत्यू वाढल्यामुळे, बंद करावं लागलं होतं. एलडीएलचं नेमकं उलट. जन्मतःच एलडीएल कमी ठेवणारा जनुकबदल असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं, हृदयविकार मात्र ८८ टक्क्यांनी कमी! आईबाबांच्या दोन प्रतींपैकी कोणती मिळणार, ही निसर्गाने जन्माआधीच टाकलेली चिठ्ठी असते. तिच्यात आपल्या सवयी, पगार, खाणंपिणं काहीच ढवळाढवळ करू शकत नाही. म्हणून कारण कोणतं आणि नुसती खूण कोणती, हे अशा चिठ्ठ्यांवरून कळतं. एलडीएल हे कारण आहे. कमी एचडीएल ही बहुधा खूण आहे.

आता घरची गोष्ट. आमचे पुण्याचे मामा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. ना सिगरेट ना दारू, पक्के शाकाहारी. फार धावपळ करायचे, टेन्शन घ्यायचे, असं सगळे म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. त्यांच्या घोट्यामागच्या शिरेवर गाठ होती, तिला घरात चपलेचा घट्टा म्हणत. आईचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर होतं, त्याचा दोष साजूक तुपाला दिला. फ्रेड्रिकसन यांच्याबद्दल वाचताना दुसऱ्या प्रकारातल्या घोट्यामागच्या गाठींचं वर्णन आलं आणि आम्ही पान मिटून फोन उचलला. पुण्याला, दुबईला, न्यू जर्सीला. सगळ्या मामे-मावस भावंडांचे रिपोर्ट मागवले. तिघांचे आकडे तसेच निघाले. तिघंही आता उपचार घेत आहेत. त्यांतल्या एकाचा मुलगा दहा वर्षांचा आहे.

हा दोष एका पालकाकडे असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमाला आपण पाचशेजण जमलो, तर हिशेबाने त्यांत दोघं असणार. औषधं उत्तम आहेत, फक्त वेळेवर कळायला हवं. इथले बालरोगतज्ज्ञ नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांचं कोलेस्टेरॉल एकदा तपासायला सांगतात, ते टाळू नका. आणि डॉक्टरांना लायपोप्रोटीन-ए या तपासणीबद्दलही विचारा. तो आकडा जवळजवळ सगळा आनुवंशिक असतो, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो.

देशाबाहेर आल्यावर आपली वंशावळ चार देशांत विखुरते. कोणाचे काका कशाने गेले, हे पुढच्या पिढीला माहीतच नसतं. या उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन क्रिस्फील्डहून बोटीने टँजियरला गेलो. अरुंद गल्ल्या, अंगणातच पूर्वजांची थडगी. तिथे प्रत्येकाला आपली माणसं कोण होती ते दारातच दिसतं. आपल्याला मात्र फोन करून विचारावं लागेल. या रविवारी घरी बोलाल तेव्हा हवापाणी झाल्यावर हेही विचारा आणि एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद ड्रॉवरमध्ये टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.