भाकरीबरोबर अभय देणारी माउली : पंडिता रमाबाई

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमेच्या काठचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि थोड्याच अंतरावर पुणे-दौंड लोहमार्गावरचे केडगाव येते. आज या परिसरात उसाचे मळे डोलताना दिसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र येथील माळरानावर दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुली गाड्यांतून उतरत होत्या. त्यांना येथे आणणाऱ्या पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी याच केडगावात प्रभूच्या भेटीस गेल्या.

रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि त्यांचे बायबलचे भाषांतर यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. त्यांच्या कार्याचा एक पैलू मात्र फारसा सांगितला जात नाही. उपाशी स्त्रीला अन्न देणारी व्यवस्थाच तिच्या अब्रूवर घाला घालू शकते, हे त्यांनी ओळखले, उघडपणे मांडले आणि त्यावर उपायही उभा केला. मदतकार्य करणाऱ्या आपल्या प्रत्येक संस्थेने आजही त्यापासून धडा घ्यावा असे ते कार्य आहे.

भुकेची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा रूढीचा दंडक असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरत असे.

१८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि या कुटुंबाची धूळधाण झाली. आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांना वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढावी लागली. भूक माणसाला किती असहाय करते आणि देणाऱ्याच्या हाती किती सत्ता येते, हे रमाबाईंनी असे स्वतः भोगून जाणले.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या बहाल केल्या. १८८० साली बंधू श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. पुढील वर्षी कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने ओढून नेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

पुण्यापासून केडगावपर्यंत

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असा आग्रह धरला. दुर्बल स्त्रीची सेवा शक्यतो स्त्रियांच्याच हाती असावी, हा विचार त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसतो.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. तेथील भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळत, हे पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी निधी उभारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुढे पुनर्विवाह झालेल्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत.

१८९३ साली सदनातील काही मुली ख्रिस्ती श्रद्धेकडे ओढल्या जात असल्यावरून मोठा वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपली मुलगी ज्यांच्या आश्रयाला ठेवली त्यांच्या प्रभावाची चिंता पालकांना वाटणे स्वाभाविक होते. आश्रय देणाऱ्याच्या हाती केवळ अन्न नसते, मनाला वळण देण्याची शक्तीही असते. ही शक्ती किती जबाबदारीने वापरावी, हा प्रश्न सेवा करणाऱ्या आपणा ख्रिस्ती माणसांनी आजही प्रामाणिकपणे स्वतःला विचारला पाहिजे.

दुष्काळी छावण्यांतील अंधार

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे, मदतछावण्या आणि गरीबखाने उघडले होते. बातम्या वाचून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले आणि १८९७च्या प्रारंभी त्या स्वतः तेथे गेल्या. वय अवघे अडतीस वर्षांचे, हाती पैसा बेताचा.

तेथे त्यांनी हाडांचे सापळे झालेली माणसे पाहिली. पण त्याहून भयंकर असे काही त्यांच्या नजरेस पडले. छावण्यांच्या आणि गरीबखान्यांच्या आसपास दुष्ट स्त्रीपुरुष घिरट्या घालत होते. मिठाई, कपडे आणि गोड आश्वासने यांच्या जाळ्यात ते निराधार मुलींना ओढून नेत. धान्य आणि काम ज्यांच्या हाती होते त्या कनिष्ठ अधिकाऱ्यांपैकी आणि मुकादमांपैकी काही जण तरुण स्त्रियांच्या भुकेचा गैरफायदा घेत. सरकारच्या नोंदवहीत ज्या स्त्रीला 'मदत मिळाली' असे लिहिले जाई, तिने त्या मदतीची कोणती किंमत मोजली याची नोंद कोठेच होत नसे.

रमाबाईंनी हे सारे लिहून जगापुढे मांडले, आणि लिहून त्या थांबल्या नाहीत. एकामागून एक तांड्यांनी त्यांनी मुली आणि तरुण विधवा पुण्यास आणल्या. त्यांपैकी सुमारे ३०० जणी त्यांच्या आश्रयाला राहिल्या.

याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. नियमांमुळे इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. आश्रमातील एका मुलीला अधिकाऱ्यांनी प्लेगच्या रुग्णालयात नेले. त्या व्यवस्थेत तरुण स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, अशी तक्रार रमाबाईंनी १८९७च्या मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून केली. तिचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ज्या राजवटीच्या परवानगीवर आपली संस्था अवलंबून होती, तिच्याच कारभाराविरुद्ध एका विधवेने जाहीर आवाज उठवावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. संस्थेच्या सोयीपेक्षा त्यांनी एका मुलीची अब्रू मोठी मानली.

मुक्ती सदनाची रचना

शारदा सदनाला फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तेथे आता 'मुक्ती' उभी राहिली. आधी झोपड्या, मग विहिरी आणि मग पक्क्या इमारती झाल्या. १९००च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथे १,५०० हून अधिक जणी राहत होत्या.

या कामाची रचना पाहिली म्हणजे रमाबाईंची दूरदृष्टी कळते. कारभार स्त्रियांच्या हाती होता. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली नव्याने आलेल्यांच्या शिक्षिका आणि पालक झाल्या, त्यामुळे कोणतीही लहान मुलगी एकटी पडत नसे. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, शेती, दूधदुभते आणि छापखाना अशी कामे मुलींना शिकवली जात. जिच्या हातात कसब आहे तिला घासासाठी कोणाची मर्जी राखावी लागत नाही, हे त्यामागचे सूत्र होते. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण होते. ज्यांच्यावर आधीच अत्याचार झाला होता आणि ज्यांना समाज 'पतित' म्हणून हाकलून देई, त्यांच्यासाठी 'कृपा सदन' हे स्वतंत्र घर होते. अत्याचाराचा कलंक अत्याचार करणाऱ्याचा असतो, सोसणारीचा नव्हे, हे तेथे कृतीने शिकवले गेले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ साली कन्या मनोरमा वारली. ते दुःख पचवून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर पूर्णत्वास नेले आणि नंतरच डोळे मिटले. भारतीय टपाल खात्याने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आपल्यासाठी संदेश

रमाबाईंनी दाखवलेला धोका इतिहासजमा झालेला नाही. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतील निर्वासितांच्या छावण्यांत मदत कर्मचारीच अन्नाच्या मोबदल्यात मुलींचे शोषण करतात, असे एका पाहणीतून उघड झाले. त्यानंतर २००३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कडक नियम जारी केले. तरीही हैतीमधील भूकंपानंतर एका नामवंत मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी केलेले गैरवर्तन २०१८ साली चव्हाट्यावर आलेच. आपल्या देशात राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाची १९९७ची 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे आणि पुढे २०१३चा कायदा आला. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ पासून 'पॉक्सो' कायदा आहे. ख्रिस्तसभाही या पापापासून मुक्त नव्हती. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली प्रत्येक धर्मप्रांताने तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था करावी असा नियम घालून दिला.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामांतही वसतिगृहे, बचतगट, दवाखाने, शिवणवर्ग आणि आपत्काळातील धान्यवाटप चालते. हे सारे पुण्यकर्म आहे. पण हेतू चांगला म्हणून व्यवस्था आपोआप सुरक्षित होत नाही. धान्य कोण वाटतो आणि यादीत नाव कोण घालतो? वसतिगृहातील मुलीने तक्रार करायची तर कोणाकडे करायची? दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत कायद्याने सांगितलेली अंतर्गत समिती खरोखर काम करते की केवळ कागदावर आहे? बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे का? आणि एखाद्या मुलीने धीर करून तोंड उघडले, तर संस्थेचे नाव खराब होईल म्हणून तिला गप्प बसवले जात नाही ना?

रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. पण भुकेलेल्यांना अन्न आणि परक्याला आश्रय देण्याची प्रभूची आज्ञा त्यांनी जशी पाळली, तशी ती पाळण्याचे ऋण आपणा सर्वांवर आहे. केडगावचे मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. पुणे-दौंड मार्गाने जाताना तेथे अवश्य थांबावे. आणि घरी परतल्यावर आपल्या धर्मग्रामातील मदतकार्याकडे, त्या मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या सर्वात लहान मुलीच्या डोळ्यांनी एकदा पाहावे.